दोष गाडीतच आहे

शनिवार, ८ नोव्हेंबर १९९७

आज गाडीने मला घाबरवलं. हे वाक्य मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. दैनंदिनीत शौर्य गाजवणाऱ्या मुलींना आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर वर्गाबाहेर उभं करत.

परत येताना इंदापूरच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. एकाएकी गाडीने असा गचका दिला, जणू कुणी मागून मानगूट धरावी. इंजिन किंचाळायला लागलं आणि वेग मात्र उतरला. समोर गिअरचं अक्षर दिसतं तिथला हिरवा दिवा लुकलुकत होता. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. पुन्हा चालू केली तर दिवा शांत, गाडीही शांत, जणू काही झालंच नव्हतं. मी शिकवायचे त्या वर्गातल्या खोडकर मुली असंच तोंड करायच्या.

शेजारी वन्सं होत्या. वन्सं म्हणजे प्रयागबाई, माझ्या यजमानांची थोरली बहीण, राहणार शेळगाव. यजमान गेल्यापासून महिन्यातून एका शनिवारी मी त्यांना नरसिंहपूरला नेते. तिथे भीमा-नीरेच्या संगमावर कळशी भरायची आणि ते पाणी आणून शेळगावच्या महादेवाला घालायचं, असा त्यांचा नेम आहे. वाटेत कळशी जमिनीला टेकवायची नाही. गाडीचा तळ म्हणजे जमीन नव्हे, हे त्यांनीच ठरवलं आहे. म्हणून कळशी त्यांच्या दोन पायांत, चुंबळीवर. तोंडावर तुळशीची डहाळी, झाकण नाही. देवाचं पाणी कोंडायचं नसतं म्हणे.

"काय झालं गं वैनी?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. गाडीला उचकी लागली."

त्यांनी कळशी घट्ट धरली. अर्धी त्यांच्या पायांवर सांडली होती.

सोमवार, १० नोव्हेंबर

आबाजीकडे गाडी नेली. बारामतीत भिगवण रोडवर त्याचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर आणि जीप सोडून त्याने काही पाहिलेलं नाही, पण मान्य करणार नाही. ही गाडी जपानी आहे, माझ्या भावाने सिंगापूरहून आणलेली. हिला क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. भाऊ कायमचा राहायला आला होता, सहा महिन्यांत धूळ आणि नातेवाईक यांना कंटाळून परत गेला आणि गाडी मला देऊन गेला. माझा डावा गुडघा वाकत नाही. क्लच दाबणं या जन्मात शक्य नाही. ही गाडी नसेल तर काटेवाडी रस्त्यावरच्या या घरातून मी दुधाच्या टेम्पोची वाट बघत बसणार.

आबाजीने चक्कर मारली. काही झालं नाही.

"मॅडम, गाडी एकदम ओके हाय. तुमचा पाय चुकला आसंल."

"मी चाळीस वर्षं मुलींच्या चुका काढल्या आहेत, आबाजी. माझी चूक मला कळते."

"तसं न्हाय वो. वय झालं की व्हतं. आमच्या आईचं बी आसंच."

त्याच्या आईने जन्मात गाडी चालवलेली नाही. ऑईल बदलून घेतलं आणि आले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

वन्संचा निरोप आला की आता दर शनिवारी नरसिंहपूरला जायचं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "देवाला बरं वाटतं." देवाचं मला माहीत नाही, माझ्या कंबरेला बरं वाटत नाही. पण नाही म्हणवलं नाही. त्यांचं वय झालंय, एसटीत त्यांना चढवत नाही, आणि मी सोडून त्यांना कोण नेणार? दादासो त्यांचा मुलगा, त्याचं इंदापूरला खतांचं दुकान. आईसाठी त्याला सवड नसते.

निमगाव केतकीला पानांच्या बाजारापाशी थांबावं लागलं. पुढे उसाची बैलगाडी, तिच्या मागे पानांची टोपली डोक्यावर घेतलेला एक म्हातारा. मी गिअर घातला आणि गाडीने पुढे उडी मारली. ब्रेकवर पाय होता. मी शपथेवर सांगते की ब्रेकवर पाय होता. म्हातारा वळला आणि टोपली गाडीच्या नाकावर पडली. पानं काचेवर पसरली. थोडं आणखी पुढे गेलो असतो तर पानांऐवजी तो पसरला असता.

लोक जमले. एक जण म्हणाला, "ह्या म्हातारीला गाडी दिली कुणी?" मी काच खाली करून त्याला सांगितलं की तुझ्या घरी बस कोण चालवतं ते आधी बघ. मग माझ्याच लक्षात आलं की या वाक्याला काही अर्थ नाही. काच वर करून घेतली.

वन्संनी उतरून म्हाताऱ्याची पानं गोळा करून दिली. येताना कळशी काठोकाठ भरून आणली.

रविवार, २३ नोव्हेंबर

बातमी माझ्याआधी इंदापूरला पोचली. दादासो सकाळीच आला, बरोबर वन्संनाही घेऊन. चहा न घेता बोलायला बसला म्हणजे प्रकरण गंभीर.

"मामी, राग मानू नका. गाडी इकून टाकू. तुमी आमच्याकडं या. दुकानामागची खोली रिकामीच हाय."

"त्या खोलीत युरिया ठेवतोस ना?"

"काढू की."

"मला युरियाची जागा नको. गाडीत दोष आहे, मी तो काढून घेईन."

"आबाजी म्हनतो, दोष न्हाय."

"आबाजीला गाडीत क्लच का नाही हेही माहीत नाही. तुझी आई शेजारी होती. विचार तिला."

त्याने विचारलं. "आये, खरं सांग. मामीचा पाय कुठं व्हता?"

वन्संनी पदर सारखा केला. "मला काय ठावं? मी गाडीत डोळं मिटून बसते."

"पहिल्यापासून?" मी विचारलं.

"व्हय. देवळापतूर."

तीन वर्षं मी यांना धरणाचा कालवा दाखवते, बागा दाखवते, आणि त्या मान डोलावतात. माझी एकमेव साक्षीदार, आणि तिने काही पाहिलेलं नाही. मी म्हणाले, निदान पाय ब्रेकवर होता एवढं सांगायला काय हरकत आहे. तर म्हणाल्या, "न बघितलेलं कसं सांगू वैनी?" असल्या वेळी हिला सत्य सुचतं.

शेवटी ठरलं ते असं: संक्रांतीपर्यंत दोष सापडला तर ठीक. नाहीतर किल्ली दादासोकडे. मी हो म्हणाले, कारण मला खात्री आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

खात्री आहे का?

आज गाडी बंद ठेवून तिच्यात बसले आणि डोळे मिटून पाय फिरवून पाहिला. ब्रेक. पेट्रोल. ब्रेक. दर वेळी बरोबर. मग उठताना मनात आलं की बंद गाडीत चुकायला कारणच काय. भीती वाटली की माणसाचं चुकतं. मला रस्त्यावर भीती वाटते. म्हणजे मी रस्त्यावर चुकते? की गाडी चुकते म्हणून मला भीती वाटते?

हा प्रश्न फळ्यावर लिहून मुलींना घातला असता तर सोडवला असता कुणीतरी.

शनिवार, १३ डिसेंबर

मधले दोन शनिवार काही घडलं नाही. ते जास्त वाईट होतं. प्रत्येक वळणावर वाट बघायची.

आज बावड्याच्या पुढे गाडी मधेच सुटली. इंजिन चालू, चाकांना जोर नाही. मागे उसाचा ट्रक, तो हॉर्नवर हात ठेवूनच आला. कडेला जायला जेवढी गती हवी तेवढीही उरली नव्हती. ट्रक अंगावरून जावा तसा गेला, उसाची पाती काचेवर फटाफट आपटली. तेवढ्यात मी त्या दिव्याकडे पाहिलं. लुकलुकत होता. लांब, आखूड, आखूड. मग पुन्हा तसाच.

माझा पाय तेव्हा कशावरच नव्हता. उजवा पाय मी वर उचलून घेतला होता, लहान मुलीसारखा. ही गोष्ट मी कुणाला सांगणार नाही, पण मला तिचा आनंद झाला. पाय कशावरच नसताना चुकणार कसा?

वन्संना म्हणाले, "पाहिलंत ना दिवा?" त्यांचे डोळे बंदच. ओठ हलत होते.

"वन्सं, मेलो असतो आपण."

"मग उघडून काय केलं असतं?" त्या म्हणाल्या.

रविवार, १४ डिसेंबर

भावाला फोन लावला. तो गाड्यांतला जाणकार नाही, पण सिंगापुरात त्याला ओळखी आहेत. दिव्याचं सांगितलं. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? मी म्हणाले, पहिल्या दिवशी मला दिव्यापेक्षा जीव महत्त्वाचा वाटला.

गुरुवार, १८ डिसेंबर

भावाचा फोन. या गाडीत गिअर कधी बदलायचा ते एक छोटा संगणक ठरवतो. त्यात बिघाड झाला की तो दिवा लुकलुकवून तक्रार करतो. गाडी बंद केली की दिवा विझतो, म्हणून आबाजीला काही दिसलं नाही. तो डबा शेजारच्या सीटपुढे, पायाखालच्या गालिच्याखाली बसवलेला असतो. "उघडून बघ," भाऊ म्हणाला, "आणि गंज दिसला तर मला कळव, तसाच दुसरा पाठवतो."

त्या जपान्यांना डबा ठेवायला दुसरी जागा मिळाली नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आबाजीला घरी बोलावलं. गालिचा उचलला आणि ओल्या घोंगडीचा वास आला. माझ्या सासरी पूर्वी मेंढरं होती, तो वास मी ओळखते. खालचा नमदा, म्हणजे जाड लोकरी थर, पिळला तर पाणी निघालं. त्याखाली ॲल्युमिनियमचा चपटा डबा, कडांना गंजाचं पांढरं-हिरवं फूल आलेलं. वायरी जिथे जोडल्या आहेत तिथे पिना गंजून काळ्या. आणि झाकणाला चिकटलेलं तुळशीचं कुजकं पान.

आबाजी पानाकडे बघत राहिला. "मॅडम, ह्याच्यात पान कुठनं आलं?"

"देवाकडून," मी म्हणाले.

आधी हसू आलं, मग संताप. मी वेडी नाही. मी म्हातारी नाही, निदान तेवढी नाही. महिनाभर मी माझ्या पायावर संशय घेतला आणि दोष होता त्या कळशीत. गाडी बिघडली म्हणून बाई जास्त वेळा पाणी आणायला लागली, आणि पाणी जास्त आलं म्हणून गाडी जास्त बिघडली.

आबाजी म्हणतो, "मी सांगितलंच व्हतं, करंटचा प्रॉब्लेम हाय." त्याने असं काही सांगितलं नव्हतं.

शनिवार, २० डिसेंबर

टॅक्सी करून शेळगावला गेले आणि वन्संना ते पान दाखवलं. जे बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, त्यांच्या देवभोळेपणाने आम्ही दोघी आणि एक पानवाला मेलो असतो, असं.

"देवाच्या पाण्यानं कसं बिघडंल?" एवढंच म्हणाल्या.

"देवाचं असलं तरी पाणी ते पाणीच असतं, वन्सं."

त्या शेंगा सोलत होत्या. निघताना मला अर्धं सूप शेंगदाणे बांधून दिले.

शुक्रवार, २ जानेवारी १९९८

दादासोने फोनवर माझी माफी मागितली. मी ती घेतली. मग म्हणाला, "आयेला लई लागलंय, मामी. तिनं तुमच्यासाठीच पान्याचा नेम धरला व्हता."

"माझ्यासाठी?"

"मामा गेल्यावर. वैनी एकटी गाडी चालवती, तिला धक्का लागू देऊ नगं म्हनून."

माझ्यासाठी नवस बोलायची परवानगी यांना कुणी दिली? मी मागितला होता? तीन वर्षं मी यांना नेते-आणते आहे, आणि यांच्या मनात मात्र उपकार त्या माझ्यावर करताहेत. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

शनिवार, २४ जानेवारी

संक्रांत होऊन गेली, पण गंज दादासोने डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे मुदतीचं कुणी बोललं नाही. भावाच्या ओळखीचे एक गृहस्थ डबा घेऊन आले. आज बसवला. मी भावाने कळवलेलं एक-एक वाचून दाखवायचं आणि आबाजीने करायचं. आधी बॅटरीची तार काढा. मग जोडणीची खुंटी दाबून ओढा, वायर धरून ओढू नका. त्याने वायर धरूनच ओढली.

"आबाजी."

"सवय वो मॅडम. ट्रॅक्टरला चालतं."

पिना ब्रशने साफ केल्या, नवा नमदा घातला, डबा बसला. मी गाडी चालू केली. दिवे एकदा लागले आणि विझले. काटेवाडीपर्यंत गेले, आले. गाडी लोण्यासारखी. गिअर बदलला ते कळलंही नाही.

दादासो शेजारी बसून आला होता. उतरताना म्हणाला, "मामी, तुमीच बरोबर व्हता." हे वाक्य मी चाळीस वर्षं मुलींकडून ऐकलं आहे, पण इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

शनिवार, ३१ जानेवारी

आज वन्संना आणायला शेळगावला गेले. त्या येणार नाहीत असं वाटलं होतं. आल्या. कळशी नव्हती. नरसिंहपूर नको म्हणाल्या, तुझ्याकडंच येते चार दिस. म्हणजे आता नवस फिटला की मोडला, मी विचारलं नाही.

रस्ताभर गाडी उत्तम चालली आणि रस्ताभर मला भीती वाटली. मी मनाशी म्हणत होते, दोष काढला आहे, दोष काढला आहे. तरी पाय सारखा ब्रेककडे. मागच्या गाड्या चिडून हॉर्न देत होत्या.

रविवार, १ फेब्रुवारी

सकाळी दोघी बाजारात गेलो होतो. परतल्यावर वन्सं फाटक उघडायला उतरल्या. त्यांनी एक दार लोटलं, दुसऱ्याकडे वळल्या. मी थांबायला पाय दाबला आणि गाडी पुढे गेली.

मी आणखी जोरात दाबला. ती आणखी जोरात गेली. वन्संचं पातळ काचेसमोरून बाजूला झालेलं दिसलं, मग खांब, मग काच तडकलेली. मी खाली पाहिलं. माझा पाय कुठे आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

वन्सं जास्वंदीत पडल्या होत्या. कोपर सोललेलं, बाकी धड. मला उतरवत नव्हतं. त्याच उठल्या, त्यांनीच दार उघडलं आणि मला बाहेर काढलं. समोरच्यांनी इंदापूरला फोन केला. दादासो आला, येताना बारामतीतून आबाजीला उचलून.

मी ओट्यावर बसले होते. दादासोने तोंड उघडायच्या आत वन्सं बोलल्या.

"गाडीनंच उडी मारली. वैनीचा पाय बिरेकवर व्हता. मी बघत व्हते."

त्या फाटकाशी होत्या, माझ्याकडे पाठ करून. तिथून माझे पाय दिसणं अशक्य. आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या आणि तेही इतकं वाईट. पण दादासोने लगेच मान हलवली. आबाजी तर फुललाच. "मी म्हनलंच व्हतं, डबा बदलून भागायचं न्हाय. नवा बी तसलाच निघाला."

"सिंगापूरच्या मामांना फोन लावू," दादासो म्हणाला. "पैसं घिऊन असला माल देत्यात व्हय?"

सगळे गाडीकडे बघत होते. मी एक शब्द बोलायची गरज नव्हती. नोव्हेंबरात ज्या साक्षीसाठी मी या बाईवर चिडले, ती साक्ष आज आयती समोर होती. मी गप्प बसायचं, दुसरा डबा मागवायचा, आणि पुढच्या शनिवारी फाटक पुन्हा वन्संनी उघडायचं.

"दादासो," मी म्हणाले, "तुझी आई खोटं बोलते. डबा ठीक आहे. माझा पाय पेट्रोलवर होता."

आबाजी उगाच बॉनेट उघडायला गेला.

"मग ते आधीचं?" दादासोने हळूच विचारलं. "निमगावला?"

"तिथे गाडी होती. बहुतेक." मला आणखी बरंच सुनवायचं होतं, खांब चुकीच्या जागी बांधल्याबद्दल वगैरे. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला भीती वाटते रे. गाडी नीट झाली, भीती गेली नाही."

"कवापास्नं?"

"दिवाळीपासून."

"मला तर पयल्या दिसापास्नं वाटती," वन्सं म्हणाल्या. त्या कोपराला हळद लावत होत्या.

"मग बसत कशाला होतात?" मी जवळजवळ ओरडले.

"तू एकटी गेली असतीस."

मी किल्ली दादासोपुढे धरली. त्याने हात पुढे केला नाही, जमिनीकडे बघत राहिला. शेवटी वन्संनीच ती घेतली आणि कनवटीला खोचली.

"वैनीला पायजे झाली की मागंल ती," त्या मुलाला म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी अजून मागितलेली नाही.